कातळावरच्या खुणा

कसारा लोकलने वाशिंद सोडलं की डाव्या हाताला माहुलीची रांग दिसू लागते. सपाट माथे, मधल्या खिंडी आणि रांगेपासून सुटलेले सुळके. नवरा, नवरी, भटजी, करवली अशी लग्नघरातली नावं घेऊन ते उभे आहेत, आणि त्यांच्यापासून जरा अंतर राखून वजीर. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीच्या कितीतरी मुलांनी प्रस्तरारोहणाचं पहिलं स्वप्न याच खिडकीतून पाहिलं. मीही त्यांतलाच. हार्नेस आणि कॅराबिनर हे शब्दसुद्धा माहीत नव्हते, तेव्हापासून वजिराचा माथा माझ्या ओळखीचा आहे.

या डिसेंबरात मात्र माथा गाठायची घाई नव्हती. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कड्यांवर आपण आरोहकांनी इतक्या वर्षांत काय ठोकलं, बांधलं, रंगवलं आणि टाकलं, ते नीट पाहायचं ठरवून निघालो होतो. बरोबर दोन तरुण मित्र. पाठपिशवीत नेहमीच्या दोराशिवाय हातोडी, पाना, तारेचा ब्रश आणि एक वही.

आसनगावला उतरून रिक्षाने माहुली गाव गाठलं. पायथ्याच्या नाक्यावर नावं लिहून पावती घेतली. माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्यात आहे, ही गोष्ट बहुतेक आरोहकांच्या लक्षातच नसते. आपण ‘किल्ल्यावर जातो’, ‘सुळक्यावर जातो’ असं म्हणतो. खरं तर आपण बिबट्या, भेकर, रानडुक्कर यांच्या घरात शिरत असतो, आणि तिथे आपला हक्क पाहुण्यापेक्षा जास्त नाही. नाक्यावरच्या पोराने पिशव्यांमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून वहीत लिहिल्या. परत येताना तेवढ्याच दाखवायच्या. मला हे फार आवडलं.

गडाचा माथा २८१५ फुटांचा. कारवीच्या रानातून वाट चढते, शेवटच्या टप्प्यात शिडी लागते. १६३६ साली निजामशाहीचा शेवट जवळ आला तेव्हा शहाजीराजे याच गडाच्या आश्रयाला होते. पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला. १६७०च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावून तो घ्यायचा प्रयत्न केला; मनोहरदास गौड हा किल्लेदार सावध निघाला आणि मराठ्यांची फार माणसं पडली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंतांनी गड जिंकला. या कड्यांवरची चढाई अशी जुनी आहे, जिवावरची आहे. म्हणूनच आज मौजेसाठी चढणाऱ्यांनी तिथे कसं वागावं याबद्दल मला कळकळ वाटते.

दुसऱ्या दिवशी रांगेतल्या एका सुळक्याच्या पायथ्याशी बसलो. इथून पुढचं समजायला आधी आपला कातळ समजून घ्यायला हवा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा बेसाल्ट झाला. काही थर काळे, घट्ट, छिन्नीला दाद न देणारे. काही फोडाफोडांचे, पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले. मधूनच विटकरी लाल मातकट पट्टा, जो पावसाळ्यात भिजतो आणि उन्हाळ्यात भुगा होतो. हात टाकावा तिथे धोंडा सुटून येतो. आणि मुख्य म्हणजे, ज्यात आधार अडकवावा अशा लांब, सलग, उभ्या भेगा इथे फार कमी.

हे सांगायचं कारण आहे. जगभर ‘स्वच्छ चढाई’चा विचार पसरला तो कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या ग्रॅनाइटवरून. तिथल्या भेगांत मेखा ठोकून आणि काढून कातळाला भोकं पडत होती. इव्हॉन शुईनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट हे दोघे स्वतः मेखा बनवून विकत होते. धंद्याचा मोठा भाग त्यावरच होता. तरी १९७२च्या आपल्या कॅटलॉगमध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, मेखा ठोकणं थांबवा, भेगेत हाताने बसवता आणि काढता येणारे धातूचे नट वापरा. स्वतःच्या कमाईवर पाणी सोडून घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याने खेळ बदलला. जर्मनीत सॅक्सनीच्या वालुकाश्मावर तर आजही भेगेत धातू घालायचा नाही, दोराच्या गाठी अडकवायच्या, असा दंडक आहे. खडूची पूडसुद्धा चालत नाही.

हे सगळं वाचून आपल्याकडचा एखादा उत्साही तरुण म्हणतो, सह्याद्रीतही बोल्ट, म्हणजे कातळात छिद्र पाडून बसवलेले कायमचे धातूचे आधार, बंद करा. माझ्याबरोबरचा एक मित्र तेच म्हणत होता. मला ते पटत नाही. ज्या कातळात भेग नाही आणि दर दुसरी पकड सैल आहे, तिथे बोल्टशिवाय चढा म्हणणं म्हणजे पोरांना मरायला पाठवणं. एकाचा तत्त्वनिष्ठ मृत्यू, त्यानंतरची बंदी आणि बचावासाठी शंभर माणसांनी तुडवलेला डोंगर, यात निसर्गाचं काहीच भलं नाही. आपल्या कातळासाठी आपला नियम आपल्यालाच शोधावा लागेल. माझ्या मते तो असा: बोल्ट कमीत कमी, पण जे असतील ते उत्तम, आणि एकदा बसवले की सगळ्यांचे.

त्या सुळक्यावर याच्या नेमकं उलट चित्र दिसलं. पहिल्या टप्प्याच्या थांब्यावर हातभर अंतरात चार पिढ्यांचं लोखंड होतं. एक हाताने छिद्र पाडून ठोकलेली जुनी मेख, तिला गंजाचे पापुद्रे. शेजारी घरगुती बनावटीची साध्या लोखंडी पट्टीची कडी. मग बाजारातला एक्सपान्शन बोल्ट, त्याचा नट गंजाने अर्धा खाल्लेला. आणि सर्वांत नवा, चकचकीत स्टेनलेसचा हँगर, म्हणजे कॅराबिनर अडकवायची पट्टी. पण तो साध्या पोलादाच्या बोल्टवर चढवलेला. ही जोडी घातक. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू आधी गंजतो. इथे जून ते सप्टेंबर कातळावरून पाणी वाहत असतं. बाहेरून हँगर चमकत राहतो आणि आत छिद्रात बोल्ट संपत जातो. वर चढणाऱ्याला चमक दिसते, त्यावर तो जीव टाकतो.

चार का? कारण प्रत्येक नव्या तुकडीला आधीच्या लोखंडावर भरवसा नव्हता, आणि भरवसा ठेवायला काही आधारही नव्हता. कुणी, कधी, कोणत्या धातूचा बोल्ट मारला याची नोंद कुठेच नाही. मग जो येतो तो ड्रिल काढतो. कातळाला पाडलेलं भोक भरून येत नाही. झाड तोडलं तर पन्नास वर्षांनी तिथे दुसरं झाड दिसू शकतं. कातळाला ती सोय नाही. आपल्या लहानशा सुळक्यांवर बोल्ट बसेल असे घट्ट थर मुळातच थोडे असतात. हातोडीने ठोकून पाहिलं की कळतं: घट्ट थर खणखणीत बोलतो, पोकळ थर भद्द आवाज देतो. त्या खणखणीत जागाच आपण भोकं पाडून वाया घालवतो आहोत.

उपाय माहीत नाही असं नाही. ३१६ दर्जाचं स्टेनलेस, बोल्ट आणि हँगर एकाच धातूचे, किंवा रेझिनने चिकटवलेले बोल्ट. जुना बोल्ट ओढून काढता आला तर तेच भोक पुन्हा वापरायचं. नाही तर दगडाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीने ते बुजवायचं. ‘सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्ह’ या नावाने महाराष्ट्रातल्या काही आरोहकांनी जुने मार्ग असे दुरुस्त करण्याचं काम हाती घेतलं. नवा सुळका ‘सर’ केला की वर्तमानपत्रात फोटो येतो. जुना बोल्ट बदलला की येत नाही. तरी ही माणसं ते करतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. चांगला बोल्ट महाग पडतो हे खरं. पण तो दीर्घकाळ टिकतो, आणि दरम्यान कुणाला दुसरं भोक पाडावं लागत नाही.

माहुलीनंतर पुढचा टप्पा: शहापूरहून एसटीने डोळखांब आणि तिथून डेहणे. वाटेत पाण्याची टाकीवजा पिंपं घराघरांपुढे मांडलेली दिसतात. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी निम्मं पाणी याच तालुक्यातल्या भातसातून जातं. तानसा धरण तर १८९२चं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे आला की टँकरची वाट पाहावी लागते. शहरातून येणाऱ्या आरोहकाने हे विसरू नये. आपण प्यायलेलं पाणी इथलंच असतं, आणि गावच्या विहिरीवर हात-पाय धुवून पिशव्या भरताना मागे रांगेत एखादी मावशी हंडा घेऊन उभी असते. आम्ही पाणी ठाण्याहून भरून आणलं होतं. संपल्यावर मात्र विचारूनच घेतलं.

डेहण्याच्या डोक्यावर आजोबाचा कडा. लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत, म्हणून डोंगर आजोबा, अशी इथली श्रद्धा. डोंगराच्या अंगावर वाल्मीकींचा आश्रम आहे, त्याहून वर कातळात सीतेचा पाळणा. आश्रमाभोवतीचं रान अजून इतकं दाट आहे की भर दुपारी सावली मोडत नाही. देवाचं रान तोडू नये या एका समजुतीने ते राखलं गेलं. पर्यावरणाचं शास्त्र शिकून आलेल्या आपल्याला इथले लोक काही शिकवू शकतात यावर ज्याचा विश्वास नाही, त्याने या रानात तासभर बसावं.

आमचा वाटाड्या ठाकूर समाजातला, पन्नाशीचा. कड्याखाली पोचल्यावर त्याने आवाज खाली आणला. “दादा, त्या कपारीला मोहोळ लागलंय. उन्हं चढली की इकडं हाका मारू नका, दगड तर पाडूच नका.” आग्या मोहोळाचं काळं पोळं कड्याच्या कपाळाला लोंबत होतं. मग तो म्हणाला, त्याच्या लहानपणी गावात ढोर मेलं की या कड्यांवरून गिधाडं उतरायची. आता ढोर तसंच सडतं.

लांब चोचीचं गिधाड घरटं करतं ते कड्याच्या कपारीतच. १९९२ ते २००७ या काळात भारतातली या गिधाडांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे त्याचं कारण निघालं, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. औषधावर बंदी आहे, आता उरलेल्या जोड्यांना निवांत कडे हवेत. त्यांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. शाहीन ससाण्याचाही जवळपास तोच. आणि आपला प्रस्तरारोहणाचा मोसम? दिवाळी संपली की सुरू, मार्चअखेर संपतो. म्हणजे ज्या महिन्यांत पक्ष्याला कपार सर्वांत जास्त हवी असते, नेमक्या त्याच महिन्यांत आपण ड्रिल, शिट्ट्या आणि घोषणा घेऊन तिथे हजर. अंड्यावरून पक्षी उठला आणि ऊन लागलं की ती वीण गेली. लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं.

ब्रिटनमध्ये तिथली गिर्यारोहण परिषद दर वर्षी कोणत्या कड्यावर कोणता पक्षी बसला आहे आणि किती तारखेपर्यंत तिथे चढू नये, ते जाहीर करते. आरोहक ते पाळतात, दुसऱ्या कड्यावर जातात. आपल्याकडे अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ आहे, प्रत्येक शहरात क्लब आहेत, पक्षीनिरीक्षक तर त्याहून जास्त. या सर्वांनी मिळून विणीच्या महिन्यांसाठी काही भिंती सोडून देणं अवघड नाही. कड्याखाली पांढरे ओघळ दिसले, पक्षी घिरट्या घालू लागला, तर चढाई तिथेच थांबवून उतरायचं. आम्ही आजोबाच्या त्या भिंतीला हात लावला नाही.

कपारीत पक्षीच राहतात असं नाही. नाणेघाट चढून पलीकडे गेलं की जुन्नरच्या शिवनेरीचे कडे लागतात. तिथल्या कातळावर शिंदळ माकुडी उगवते. जगात फक्त सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर सापडणारी ही वनस्पती, पावसाळ्याच्या शेवटी तिला गडद लाल फुलं येतात. आपण पकड ‘साफ’ करताना माती आणि गवत खरवडून टाकतो, तेव्हा काय उपटलं हे कुणी पाहत नाही. चढणारे हाताला जी पांढरी पूड लावतात, ती मॅग्नेशियम कार्बोनेटची. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ही पूड कातळावरच्या नेच्यांना आणि शेवाळांना बाधते. पावसाने ती धुऊन जाते खरी, पण आपल्याकडे आठ महिने पाऊस नसतो.

शनिवारी मुरबाडमार्गे मोरोशीला पोचलो. मोरोशीचा भैरवगड म्हणजे जमिनीतून उभी राहिलेली कातळाची भिंत. भूशास्त्राच्या भाषेत डाइक. पायऱ्या तुटल्या आहेत, काही टप्पे दोराशिवाय जात नाहीत. बाजूला एवढी जागा नाही की माणसं पसरून उभी राहतील. तिथे पहाटेच मोठी रांग लागली होती. एकामागून एक गट, प्रत्येकाचा वेगळा दोर, प्रत्येकाचा नेता ओरडून सूचना देणारा. खाली थांबलेल्यांनी सावलीसाठी गवत तुडवून मोकळं केलेलं. कातळावर बाणांचे रंग, त्यावर कुणाच्या मंडळाचं नाव, त्यावर दुसऱ्या मंडळाचं. देहरीच्या गोरखगडावरही सुट्टीच्या दिवशी हेच. पुढे खोदलेल्या पायऱ्या आणि वर चाफ्याची झाडं असलेली ती सुंदर गुहा, समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. आणि गुहेच्या भिंतीवर नावं.

धंदा करणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही. त्यांच्यामुळे हजारो मुलं मोबाइल सोडून डोंगरात आली. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आल्या, हे चांगलंच झालं. पण एका अरुंद भिंतीला एका दिवशी किती माणसं सोसतील, हा प्रश्न कुठल्याही अर्जात भरून सुटणारा नाही. तो आयोजकांनी आपसांत बसून ठरवावा. आज तुमची पाळी, पुढच्या रविवारी आमची. दोरही मग एकच लागेल.

शेवटचा मुक्काम बेलपाड्याला. मुरबाडहून माळशेजकडे जाणारी एसटी सावर्ण्याला सोडते, तिथून चालत. समोर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, आकाश अर्धं झाकणारा. नळीची वाट इथूनच चढते. ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो त्या घरातल्या काकूंनी नाचणीची भाकरी, वालाची भाजी आणि ठेचा वाढला. त्यांचा मुलगा आरोहकांचं सामान वाहतो, वाट दाखवतो, आणि कुणी कड्यावर अडकलं तर पहिला धावतो. “तुम्ही लोक रात्री दोन गाड्या घेऊन येता, पहाटे वर जाता, संध्याकाळी निघून जाता. चहासुद्धा तुमच्या डब्यातला. आम्हाला काय, पिशव्या वेचायला ठेवता,” तो म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर कमी आणि नवल जास्त होतं.

मला वाटतं, टिकाऊ चढाईची अर्धी गोष्ट इथे आहे. आमच्या आधीच्या पिढीतले आरोहक शेवटची कसारा लोकल पकडत, फलाटावर झोपत, पहिल्या एसटीने गावात येत, गावातल्याच घरी जेवत. पैसे कमी होते म्हणून ते तसं करत असतील. पण त्यामुळे हवेत धूर कमी गेला आणि गावात चार पैसे आले. प्रस्तरारोहणाचं सगळं सामान, नायलॉनचे दोर आणि अॅल्युमिनियमच्या कड्या एकत्र धरल्या तरी, दर आठवड्याला प्रत्येकी दोघांना घेऊन धावणाऱ्या गाड्या जास्त नुकसान करतात असं मला वाटतं. लोकल आणि एसटी आजही आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं आणि कल्याणहून मुरबाडची बस एवढ्या भांडवलावर या दोन तालुक्यांतला जवळजवळ प्रत्येक कडा गाठता येतो.

कड्यावर मुक्काम करणाऱ्यांना आणखी एक सांगणं आहे, आणि ते स्पष्टच सांगतो. कोकणकड्यासारख्या मोठ्या भिंतीवर रात्र काढावी लागते आणि शौचाची सोय नसते. योसेमिटीच्या मोठ्या भिंतींवर आरोहकाने आपली विष्ठा बंद डब्यात घालून खाली आणायची, असा नियमच आहे. इथे तसा नियम नसला तरी भिंतीखालच्या ओढ्याचं पाणी बेलपाड्याची गुरं पितात. डबा न्या, खाली आणा. निवृत्त झालेला दोर गावात दिला तर गवताचे भारे बांधायला कामी येतो; पण हार्नेस कापूनच टाका, कुणी त्यावर विहिरीत उतरता कामा नये.

वहीत या फेरीत पाहिलेला प्रत्येक बोल्ट लिहिला आहे: जागा, धातू, गंज, आवाज. ती वही मी कुठल्याही क्लबाला द्यायला तयार आहे. पण ती पुरेशी नाही. ज्यांनी या दोन तालुक्यांतले पहिले मार्ग काढले, त्यांपैकी बरेच जण आता साठी-सत्तरीत आहेत. कोणत्या सुळक्यावर कोणत्या साली काय ठोकलं, हे त्यांच्या डायऱ्यांत आहे, नाही तर फक्त आठवणीत. गिरिविहारसारख्या क्लबपासून गल्लीतल्या मंडळापर्यंत सगळ्या संस्थांना माझी विनंती आहे: येत्या पावसाळ्यात, कडे ओले असताना, या माणसांच्या घरी जा, त्यांच्याकडून ते लिहून घ्या आणि सगळ्यांची यादी एक करा. आणि दिवाळीनंतर ड्रिल पिशवीत भरण्याआधी ती यादी वाचा.